बाकाची बाहेरची बाजू

पाइनचं तरुण झाड आणि जुनं झाड यांतला पहिला फरक उंचीत दिसत नाही, फांद्यांच्या कलात दिसतो. तरुण झाडाच्या फांद्या उजेडाकडे वर झेपावतात. जुन्या झाडाच्या फांद्या खोडातून निघाल्या निघाल्या खाली उतरतात आणि टोकाशी पोचल्यावर पुन्हा थोड्या वर वळतात. डोंगरावर दर हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फ बसतो, वसंतात वितळतो, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बसतो. फांदीचं स्वतःचं वजनही वर्षागणिक वाढत असतंच. किती तरी वर्षांचा हा भार त्या उतारात साठलेला असतो. कुंडीतल्या हातभर उंचीच्या झाडात हेच वय दिसावं म्हणून बोन्साय करणारा पाइनची फांदी खाली वाकवतो. बर्फाने शंभर वर्षांत केलेलं काम तो एका हिवाळ्यात करू पाहतो. म्हणून बर्फाला जी काळजी घ्यावी लागत नाही, ती त्याला घ्यावी लागते.

ही काळजी मी ओमियात शिकते आहे. १९२३च्या कांतो भूकंपानंतर टोकियोतल्या काही बोन्साय बागवानांनी शहर सोडलं आणि १९२५पासून ते उत्तरेकडे, सायतामा प्रांतातल्या या जागी येऊन वसले. ऐसपैस जमीन, चांगली माती आणि चांगलं पाणी त्यांना हवं होतं. वस्तीने सुरुवातीला स्वतःसाठी काही नियम घालून घेतले. इथे राहणाऱ्याने किमान १० बोन्साय बाळगावीत, पाहायला येणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवावं, दुमजली घर बांधू नये, कुंपण झाडांचं असावं. आता तिथे बोन्सायचं सार्वजनिक संग्रहालयही आहे, २०१०मध्ये उघडलेलं. नोकरीमुळे आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. तिथे दुकानात, बागेत, रेल्वेच्या फलाटावर मराठी कानावर पडतं. सुट्टीच्या दिवशी मी तिथून गाडी बदलत ओमियाला जाते आणि एका जुन्या बागेत सेन्सेईंच्या, म्हणजे माझ्या गुरूंच्या, हाताखाली काम करते.

पाइन म्हटलं की तिथे दोन झाडं आधी समोर येतात. एक कुरोमात्सू, म्हणजे काळा पाइन. तो समुद्रकाठचा. सुया जाड आणि टोचणाऱ्या, साल भेगाळलेली, खपल्याखपल्यांची. दुसरा गोयोमात्सू. तो डोंगरातला. एका झुबक्यात पाच सुया, रंग निळसर, वाढ सावकाश. काळा पाइन दणकट आहे. वर्षाचे नवे कोंब उन्हाळ्याच्या सुरुवातीला छाटले तरी तो त्याच मोसमात दुसरे, आखूड कोंब काढतो. गोयोमात्सूकडून अशी अपेक्षा करायची नसते. दोघांनाही तार मात्र लागतेच.

बारीक फांदीला तार घालणं हे या विद्येतलं बाराखडीचं काम. पाइनसाठी तांब्याची तार घेतात आणि ती आधी विस्तवात तापवून मऊ करतात. जुन्या पद्धतीत त्यासाठी भाताचा पेंढा जाळत. मंद लाल झालेली तार निवली की दोऱ्यासारखी हातात वळते. पण वाकवली की तांबं ताठर होत जातं. फांदीवर चढेपर्यंत मऊ आणि चढल्यावर कणखर, हा त्याचा गुण इथे नेमका कामी येतो. तारेची जाडी साधारण फांदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, वेढ्यांचा तिरकस कोन ४५ अंशांच्या आसपास, एका तारेत शेजारच्या दोन फांद्या म्हणजे एकीचा आधार दुसरीला मिळतो. वेढे सालीला टेकलेले हवेत, रुतलेले नकोत. सैल तार फांदीला धरत नाही आणि आवळलेली तार फांदीला कापते. हे डोळ्यांनी कळायला वेळ लागत नाही, बोटांना कळायला लागतो.

अंगठ्याएवढ्या किंवा त्याहून जाड फांदीशी गाठ पडली की हे सगळं अपुरं पडतं. त्यामागे साधं गणित आहे. गोल काठीचा ताठरपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. दीड सेंटिमीटरच्या फांदीपेक्षा तीन सेंटिमीटरची फांदी दुप्पट ताठ नसते, १६ पट ताठ असते. तिथे मनगटातला जोर कामाचा नाही. पुण्याच्या बुरूड आळीत अख्ख्या बांबूची टोपली कोणी वळत नाही. बुरूड आधी बांबू फाडतो, त्याच्या पातळ कामट्या काढतो, आणि मग तोच बांबू त्याच्या बोटांभोवती फिरतो. जाड फांदीच्या बाबतीत बोन्साय करणाऱ्यालाही हाच विचार करावा लागतो, फक्त त्याची कामटी जिवंत असते आणि झाडापासून तोडायची नसते.

फांदीचा जीव कडेला असतो, हे इथे कामाला येतं. सालीखाली एक अतिशय पातळ थर असतो. तिथे नव्या पेशी तयार होतात, बाहेरच्या अंगाला साल आणि आतल्या अंगाला लाकूड. त्याच्या आतल्या ताज्या वलयांतून पाणी वर चढतं. अगदी मधला गाभा मात्र निर्जीव असतो. तो फांदीला ताठ ठेवतो, पोसत नाही. म्हणून फारच जाड फांदी असेल तर खालच्या अंगाने लांबट खाच पाडून गाभ्याचं लाकूड कोरून काढतात, वरची आणि बाजूंची जिवंत पट्टी राखतात. कधी फांदी लांबीच्या दिशेने मधोमध चिरतात, म्हणजे वाकताना दोन भाग एकमेकांवरून किंचित सरकतात आणि ताण वाटला जातो. जखमेला लेप लावतात. हे उपाय शेवटचे. त्याआधी रॅफियाने काम भागतं का ते पाहायचं.

रॅफिया म्हणजे ताडाच्या जातीतल्या एका झाडाच्या पानाचे लांब पट्टे. ते पाण्यात भिजवून ठेवायचे, मऊ झाले की फांदीवर ताणून, एकावर एक चढवत गुंडाळायचे. वाळताना ते आणखी आवळले जातात. खूप बाक द्यायचा असेल तर रॅफियाच्या आत, फांदीच्या लांबीला समांतर, एकदोन सरळ तारा ठेवतात. रॅफियावरून जाड तांब्याची तार, आणि मग लोखंडी पट्टी, दोरीसारखी ताणायची तार किंवा स्क्रूने दाबणारा शिकंजा. मोसम शरद सरल्यापासून वसंत लागण्याआधीचा. वसंतात सालीखालचा थर जोमात असतो, साल लाकडावरून सुटते, आणि बाहेरून धड दिसणारी फांदी आतून गेलेली असते. वाकवण्याआधी झाडाला एकदोन दिवस कमी पाणी देतात, कारण पाण्याने टच्च भरलेली फांदी लवकर तडकते.

सेन्सेई काम करताना फार बोलत नाहीत. जाड फांदी पहिल्यांदा माझ्या हाती दिली तेव्हा त्यांनी जोर कसा लावायचा हे सांगितलं नाही. माझ्या हातांची जागा बदलली. दोन्ही अंगठे बाकाच्या आतल्या अंगाला टेकवले, आणि उरलेली आठ बोटं बाहेरच्या अंगावर, एकमेकांना लागून, पसरून ठेवली. मग तारेच्या वेढ्यावर नखाने खूण केली. वेढा बरोबर बाकाच्या बाहेरच्या वळणावरून गेला पाहिजे, आतल्या नाही. एवढं झालं आणि ते दुसऱ्या झाडाकडे वळले. मी ज्या बाजूकडे टक लावून होते ती बाजू त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचीच नव्हती.

फांदी वाकते तेव्हा आतल्या अंगाचं लाकूड दाबलं जातं, बाहेरच्या अंगाचं ताणलं जातं. दाब लाकूड बऱ्यापैकी सोसतं. सुरकुततं, आखूड होतं, पण टिकतं. ताण मात्र त्याला जेमतेम सोसतो. वाफेने मऊ केलेलं लाकूडसुद्धा एखाद-दोन टक्क्यांपलीकडे लांबत नाही, मग तुटतं. एकोणिसाव्या शतकात मिखाएल थोनेट या कारागिराने वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या केल्या. त्यांतली १८५९ची १४ क्रमांकाची खुर्ची जगभर गेली. त्याची युक्ती हीच होती. लाकडाच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी घट्ट बसवायची, दोन्ही टोकांना अडवायची, आणि मग वाकवायचं. पट्टी ताण घेते, लाकडाच्या वाट्याला फक्त दाब येतो. ओमियातला ओला रॅफिया आणि आतली सरळ तार हेच करतात, जिवंत लाकडासाठी. फांदी तडकली तर ती बाहेरून तडकते. त्यामुळे वाकवणाऱ्याचं लक्ष जिथे हात दाबतो तिथे असून चालत नाही. जिथे काहीच घडत नाहीसं वाटतं, त्या पाठीमागच्या अंगावर असावं लागतं.

हे ध्यानात आल्यावर माझं काम बदललं. आता मी बराच वेळ बांधण्यात घालवते आणि वाकवण्यात थोडा. वाकवताना फांदीला थोडा पीळही देते, तार ज्या दिशेने चढली आहे त्याच दिशेने, म्हणजे वेढे आवळत जातात आणि ताण एका रेषेत न साठता फांदीभर फिरतो. कान उघडे ठेवते. पाइन बोलतो. आधी एक बारीक, कोरडी कुरकुर येते. तिथे थांबायचं, हात न काढता. मग पुन्हा केसभर पुढे. जाड फांदीला हवा तेवढा बाक एका बैठकीत कोणी देत नाही. शिकंजा थोडा आवळायचा, काही आठवडे जाऊ द्यायचे, पुन्हा थोडा आवळायचा. त्या वर्षी त्या झाडाची कुंडी बदलायची नाही, मुळांना हात लावायचा नाही, कडाक्याच्या थंडीपासून आणि वाऱ्यापासून आडोसा द्यायचा. एका वेळी एकच मागणी करायची.

मराठीत आपण अभिमानाने म्हणतो, मोडेन पण वाकणार नाही. या वाक्याने आपल्याला ताठ उभं राहायला शिकवलं, आणि जुलमापुढे ते वाक्य खरंच आहे. पण आयुष्यातले सगळेच बाक जुलमाने येत नाहीत. वय येतं, माणसं जातात, गाव सुटतं. तिथे न वाकण्याची प्रतिज्ञा कोणाच्याच उपयोगाची नसते. दुसरीकडे लव्हाळ्याचं कौतुकही आपण ऐकत आलो आहोत. पूर आला की ते नम्रपणे आडवं होतं, पूर गेला की उभं. पण लव्हाळ्याला काही धरून ठेवावं लागत नाही, कारण त्याने काही जाड केलेलं नसतं. पन्नाशी-साठी ओलांडलेला माणूस लव्हाळं नसतो. त्याच्यात वर्षांची वलयं असतात. त्याला वाकायचं असेल तर नम्रता पुरत नाही, आधार लागतो, आणि तो नेमक्या बाजूला लागतो.

बाबा गेल्यावर आईला वाईचं घर सोडून पुण्याला भावाकडे यावं लागलं. तिचे गुडघे आणि जुन्या घराच्या पायऱ्या यांचा मेळ बसेना, एवढंच कारण होतं आणि तेवढं पुरेसं होतं. नव्या घरात तिच्यासाठी सगळी तयारी झाली होती. न्हाणीघरात धरायला दांडी, उंच पलंग, देवघराची जागा. ही सारी बाकाची आतली बाजू. जिथे तिला यायचं होतं तिथली. वहिनीने मात्र दुसरीकडे पाहिलं. जिथून आई निघत होती तिथे काय ताणलं जाणार आहे, हे तिला दिसलं. वाईच्या शेजारच्या काकूंचा रोज सकाळचा फोन तिने ठरवून सुरू ठेवला, आईची फुलांची परडी आणि अंगणातली तुळस पुण्याच्या गॅलरीत आणली, आणि चतुर्थीला जमेल तेव्हा ती आईला घेऊन ढोल्या गणपतीच्या दर्शनाला वाईला जाऊ लागली. “आई, यंदा कृष्णेला पाणी भरपूर आहे म्हणतात, जाऊन येऊ या,” असं ती सहज म्हणायची. आई पुण्याला रुळली ती पुण्यात मिळालेल्या सोयींमुळे जितकी, त्याहून जास्त वाईचा धागा तुटू न दिल्यामुळे. वहिनीने बोन्साय कधी केलं नाही. पण सेन्सेईंनी माझी आठ बोटं जिथे ठेवली, तिथेच तिने तिचा हात ठेवला होता.

हाच आधार मोठ्या झाडांनाही देतात. कानाझावाच्या केन्रोकुएन बागेत दरवर्षी १ नोव्हेंबरला पाइनच्या फांद्यांना दोऱ्या बांधायला सुरुवात होते. तिथला बर्फ ओला आणि जड असतो, आणि बागेच्या झाडांच्या आडव्या लांब फांद्या त्याखाली मोडू शकतात. खोडाजवळ उंच बांबू उभा करतात, त्याच्या माथ्यावरून चहूबाजूंनी दोऱ्या सोडतात, प्रत्येक फांदीला एकेक. पहिला मान काराझाकी पाइनचा. तो काळा पाइन बिवा सरोवराकाठच्या काराझाकीहून आणलेल्या बियांपासून वाढला आहे. मार्चमध्ये दोऱ्या सोडतात. कुंडीतल्या फांदीला माणूस खाली ओढतो, बागेतल्या फांदीला वर उचलून धरतो. हातांची दिशा उलटी आहे, पण प्रश्न तोच आहे. हे लाकूड कुठे ताणलं जाणार, आणि तिथे मी काय देऊ शकतो?

भारतात गेले की नातेवाईक विचारतात, झाडाला असं जखडून ठेवणं बरं का? खुरटलेलं झाड घरात नको, असं मानणारे आपल्याकडे अनेक आहेत. हा प्रश्न मी टाळत नाही, कारण तो योग्य आहे. वाकवायची म्हणून वाकवलेली, नंतर कोणी पाहिलं नाही अशी फांदी मी बघितली आहे. सुया पिवळ्या पडतात, मग तपकिरी होतात, आणि पाइनच्या जुन्या, सुया नसलेल्या लाकडातून नवा अंकुर सहसा फुटत नाही. ती क्रूरताच आहे. पण रोज पाणी पाहणारा, ऊन पाहणारा, दर काही वर्षांनी माती बदलणारा माणूस असेल तर कुंडीतलं झाड किती जगू शकतं, याचाही पुरावा आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक गोयोमात्सू आहे. १६२५पासून त्याला कुंडीत वाढवलं जात आहे. ६ ऑगस्ट १९४५ला तो हिरोशिमात यामाकी कुटुंबाच्या बागेत होता, स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे तीन किलोमीटरवर. भिंतीच्या आडोशाने तो वाचला. १९७६मध्ये मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेला भेट दिला. त्याचं हिरोशिमाशी असलेलं नातं तिथल्या लोकांना कळलं ते २००१मध्ये, त्यांचे दोन नातू झाड पाहायला आले तेव्हा. अणुबॉम्बच्या शहरातल्या घराने आपलं पिढ्यान्‌पिढ्यांचं झाड त्याच देशाच्या हाती सोपवलं, आणि तिथल्या लोकांनी ते जपलं. इतक्या पिढ्यांनी न चुकता पाणी घातल्याशिवाय एवढ्या वर्षांचं झाड कुंडीत उभं राहत नाही. वाकवण्याचा हक्क या सांभाळण्यातून येतो, आणि सांभाळणं थांबलं की तोही संपतो.

वाकवल्यानंतर खरं काम झाड करतं. तार फांदीला जागेवर धरते, पण आकार तार देत नाही. बाकात पडलेल्या अतिसूक्ष्म चिरा झाड भरून काढतं, त्यांच्यावर नव्या वर्षाचं लाकूड चढवतं. पुढच्या वर्षी आणखी एक थर. हे नवं लाकूड वाकलेल्या अवस्थेतच जन्मतं, त्याला सरळपणाची आठवण नसते. जुन्या लाकडाला मात्र असते. शिवाय पाइनसारखी झाडं कललेल्या फांदीच्या खालच्या अंगाला एक वेगळं, दाट लाकूड तयार करतात. ते फांदीला वर रेटत राहतं. म्हणून तार लवकर काढली तर फांदी हळूहळू परत वर जाते. नव्या थरांची ताकद जुन्या ताठरपणाला भारी होईपर्यंत थांबावं लागतं. पाइनच्या जाड फांदीला कधी दोन, कधी तीन वर्षं.

आणि तरी तार फार काळ ठेवूनही चालत नाही. पाइनची फांदी उन्हाळा संपता संपता आणि शरदात झपाट्याने जाडावते. ज्या तारेने तिला वाचवलं, तीच तेव्हा सालीत रुतायला लागते. तिचे वळ वर्षानुवर्षं जात नाहीत. म्हणून शरदात मी प्रत्येक तारेखाली बोट फिरवते. रुतायला लागली असेल तर काढते, उलटी उलगडून नाही, तुकडे तुकडे कापून, कारण उलगडताना फांदीच मोडू शकते. आधार द्यायला जितकं शिकावं लागतं, तितकंच तो वेळेवर सोडायलाही. तार निघाल्यावर फांदी जिथे थांबते, तेवढाच बाक झाडाचा झाला, बाकीचा अजून माझाच आहे. ती वर सरकली तर तिच्यावर रागवायचं कारण नाही. तिला आणखी वेळ हवा आहे, एवढंच ती सांगते. तिला तो द्यायचा, आणि नवी तार जुन्या वळांच्या जागा सोडून, पुन्हा बाकाच्या बाहेरच्या अंगावरून बांधायची.